हरिबाच्या पाचरी

सन १९२६. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि आमच्या उरवडे गावात माझ्याइतका समजदार माणूस दुसरा नाही असं माझं पक्कं मत होतं. त्या साली थंडी सरताना एका सकाळी मी आमच्या खळ्यात एका माणसाला मोटारीशी बोलताना पाहिलं. मोटारीची पुढची दोन्ही चाकं दोन लाकडी चढणींवर चढवलेली होती, तिचं नाक आभाळाकडं होतं, आणि हा गडी त्या नाकाला पाठ लावून, टाचा जमिनीत रोवून तिला मागं रेटत होता. एकदा, दोनदा, तीनदा. दर वेळी म्हणत होता, "जायचंय का? जायचं असंल तर आत्ता जा. मी खाली गेल्यावर न्हाई जायचं."

मोटार काही बोलली नाही. तरी तो कान देऊन थोडा वेळ थांबला, मग गोणपाट अंथरलं आणि पाठीवर सरपटत तिच्या पोटाखाली शिरला. मी आत जाऊन आईला म्हटलं, "शेटनं येडा ड्रायव्हर धाडलाय."

तो हरिबा. वय पस्तीसच्या आसपास, अंगानं काटक, मिशी एका बाजूनं भाजलेली. ती कशानं भाजली हे मी तीनदा विचारलं आणि तीन वेगळी उत्तरं मिळाली. मोटार पौडच्या एका शेटची होती. पौडाहून पुण्याला माणसं न्यायची आणि आणायची. आठ माणसांच्या जागेत तेरा बसायची, कोंबड्या वेगळ्या. शेटच्या दारात उतार आणि चिखल, म्हणून मोटारीचं तेल बदलायचं काम आमच्या खळ्यात ठरलं. खळं रस्त्याला लागून, सपाट आणि चोपून चोपून दगडासारखं झालेलं. शेटची आणि माझ्या वडिलांची जुनी ओळख होती. वडील गेल्यावर घरचा कारभार माझ्याकडं, तेव्हा शेटनं मला रीतसर विचारलं होतं, हे सांगितलं पाहिजे.

पंधरा फेऱ्या झाल्या की हरिबा मोटार खळ्यात आणायचा. तेल काढायचं म्हणजे पोटाखालचं बूच काढायचं, आणि पोटाखाली शिरायला मोटार उंच पाहिजे. त्यासाठी त्यानं मुळशीच्या धरणाच्या कामावरून टाकून दिलेली, रुळाखालची जाड लाकडं आणून त्या दोन चढणी केल्या होत्या. एका अंगाला निमुळत्या, दुसऱ्या अंगाला हातभर उंच, आणि वरती चाक बसायला जरासा खोलगा. त्या अगदी चाकासमोर सरळ रेषेत मांडायच्या. खाली ओलं गोणपाट टाकायचं म्हणजे घसरत नाहीत. मग तो मुंगीच्या पावलानं मोटार वर चढवायचा. मी बाजूला उभा राहून हातानं खूण करायची. एकदा मी समोर उभा राहिलो तर त्यानं मोटार थांबवली आणि हातातल्या चाकावरचे दोन्ही हात सोडून बसून राहिला.

"काय झालं?" मी म्हटलं.

"तू तितं हायेस तवर काय व्हायचं न्हाई," तो म्हणाला. "तू हलल्यावर होईल."

मी हललो. पण मला पटलं नव्हतं. बैल बुजला तरी मी समोर उभा राहणारा माणूस.

चढवून झालं की तो दांडा ओढून ब्रेक लावायचा. मग मागच्या दोन्ही चाकांमागं पाचरी ठोकायचा. त्या बाभळीच्या होत्या, आमच्याच सुतारानं तासलेल्या, कडेला लोखंडी पट्टी मारलेली. मोटार मागं सरकू लागली तर चाक त्यांच्यावर अडायचं. त्या पाचरींवर त्याचा भारी जीव. काम झालं की पुसून सीटखाली ठेवायचा. एकदा आई म्हणाली, "बाबा, तुझी हत्यारं हितंच राहिली," आणि पान्यांची पिशवी पुढं केली, तर तो पाचरी उचलून म्हणाला, "आक्का, माझी खरी हत्यारं ही. ती पिशवी गेली तर दुसरी मिळंल."

हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. त्याचं पुढं काय होणार होतं हे मला कुठं ठाऊक.

शेवटी ते पाठ लावून रेटणं. हे झाल्याशिवाय तो खाली जायचाच नाही. मी एकदा म्हटलं, "अरं, आत्ता माझ्यासमोर पाचरी मारल्यास. परत इचारतोस कशाला तिला?"

"मारल्यात ते मला ठाव हाय. तिला ठाव हाय का ते बघतो."

आता याचा अर्थ काय लावायचा? मी पुष्कळ विचार केला. मी दुसरीपर्यंत शिकलोय, पण माझं अक्षर तलाठ्यापेक्षा वळणदार आहे आणि हिशेब तोंडी करतो. तरी या माणसाचं बोलणं मला अर्धं कळायचं आणि अर्धं हवेत जायचं.

पहिल्या जर्मन लढाईत तो इराकात बसऱ्याला लष्कराची लॉरी हाकायला होता. तिथं लॉरीखाली कुणीतरी गेलं होतं. कोण, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. पहिल्यांदा त्यानं सांगितलं की एक पंजाबी होता, त्याच्याबरोबर एका ताटात जेवायचा. आषाढात, पाऊस धरून मोटार बंद होती तेव्हा म्हणाला, गोरा साहेब होता, खाली वाकून नुसतं बघत होता. आणि एकदा पिरंगुटच्या बाजारातून येताना काही विचारलं नसताना म्हणाला, "माझ्या धाकट्यावानीच दिसायचा तो. धाकटाच म्हण." त्याला धाकटा भाऊ होता की नव्हता हेही मला माहीत नाही. त्याचं गाव वर मुळशीकडं, धरणाच्या पाण्यात जाणारं. तो गावाचं नावही काढायचा नाही. त्या तिन्ही गोष्टी मी खोट्या धरायचो. पण खोटं बोलणारा माणूस एकच गोष्ट घोळवतो, दर वेळी नवी सांगत नाही. मग ते सगळेच मेले होते का? कुणास ठाऊक.

तेल निघायला वेळ लागायचा. हरिबा गरम तेल काढायचा, पण कढत नाही. मोटार थांबल्यावर एक चिलीम ओढून होईपर्यंत थांबायचा. मग घमेलं सारून बूच काढायचा. काळं तेल धारेनं पडायचं, मग थेंबथेंब. थेंबावर आलं की गियर काढून, म्हणजे मोटार मोकळी करून, पुढचं हँडल दोनदा फिरवायचा, म्हणजे अडकलेलं तेलही खाली यायचं. त्या काळ्या तेलासाठी गावातली माणसं गाडगी घेऊन यायची, बैलगाडीच्या कण्याला, नाहीतर घराच्या मेढींना वाळवी लागू नये म्हणून. सगळ्यात आधी गेनबा. गेनबा माझा भावकीतला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि मला डिवचल्याशिवाय त्याला अन्न गोड लागायचं नाही.

आठ महिन्यांत हरिबानं मला मोटारीखाली एकदाही जाऊ दिलं नाही. वंगण कसं घालायचं, पट्टा कसा ताणायचा, सगळं शिकवलं, पण खाली जायचा विषय निघाला की म्हणायचा, "खाली जाणाऱ्यानं पाचर सोता बघायची असती. दुसऱ्याच्या पाचरीवर जायचं न्हाई. तू अजून माझ्या पाचरीवर जाशील." मला राग यायचा. मी काय आंधळा होतो?

मग खंडेनवमी आली. दुसऱ्या दिवशी दसरा. दसऱ्याला पुण्याला जाणारी गर्दी मोठी, म्हणून शेटनं बजावलं होतं की मोटार तेलपाणी करून सकाळी पौडाला उभी पाहिजे. हरिबानं आदल्या दिवशीच मला सांगून ठेवलं होतं की ब्रेक दमलाय, घाटात ओढून ओढून त्याच्यात राम राहिला नाही, पुण्याहून नवं सामान यायचंय. म्हणजे त्या दिवशी मोटारीला धरून ठेवणारं काय होतं? पाचरी. मला सांगितलेलं होतं. मी ऐकलेलं होतं.

त्यानं सकाळी मोटार चढवली, बूच काढलं, गियर काढून हँडल फिरवलं आणि म्हणाला, "गळू दे निवांत. मी वढ्यावर आंघोळ करून येतो. कुणी खाली जायचं न्हाई." आणि धोतर खांद्यावर टाकून गेला.

आमच्याकडं खंडेनवमीला घरातलं झाडून सगळं हत्यार धुऊन पाटावर मांडायचं. विळा, कोयता, कुऱ्हाड, पहार, नांगराचा फाळ. हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, आणि दसऱ्याला उचलीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. एखादं हत्यार राहिलं तर ते वर्षभर रुसतं, कुणाच्या तरी पायावर येतं, असं माझ्या वडिलांचं म्हणणं. त्यांनी एका साली राहिलेला दाभण शोधायला घर उपसलं होतं. मी मांडणी करून उभा राहिलो आणि मोजू लागलो. हरिबाच्या पान्यांची पिशवी आणून ठेवली, फक्त बुचाचा पाना काम चालू होतं म्हणून वगळला. आणि मग मला आठवलं. याची खरी हत्यारं तर बाहेरच आहेत.

मी खळ्यात गेलो. पाचरी घट्ट बसल्या होत्या, दगडानं दोन ठोके देऊन सोडवल्या. मोटार हलली नाही. वरच्या खोलग्यात चाकं बसलेली, दांडा ओढलेला. मी दोन पावलं मागं सरून बघितलं, उभी होती. मनाशी म्हटलं, बघ, उगाच ठोकत होता. पाचरी धुतल्या, तेलाचे डाग राखेनं घासले, पाटाच्या अगदी मधोमध मांडल्या आणि कुंकवाचं बोट लावलं. आईनं विचारलं, "ही काय लाकडं?"

"हरिबाची हत्यारं. त्याचा मान हाय."

मला खरंच वाटलं होतं की मी त्याचा मान करतोय. यात लबाडी नव्हती. आजही शपथेवर सांगेन.

बाहेर आलो तर गेनबा गाडगं घेऊन उभा, आणखी चार जण. घमेल्यात थेंब पडायचा थांबला होता.

"झालं की रं गळून," गेनबा म्हणाला. "बूच लाव आन् घमेलं काढ. मला जायचंय."

"हरिबा येऊ दे."

"का? तू न्हाई व्हय लावू शकत?" त्यानं बाकीच्यांकडं बघितलं. "मारक्या बैलाखाली जाईल आमचा सकाराम, पण लोखंडाला भितंय बगा."

सगळे हसले. मी पाना घेतला, गोणपाटावर पडलो आणि खाली शिरलो. रेटून बघितलं नाही. मला ते येडचापपणाचं वाटायचं हे वर सांगितलंच आहे.

खाली गेल्यावर वेगळंच जग होतं. लोखंडाचा वास, तोंडापासून वीतभर अंतरावर सगळा पसारा. बूच मिळालं, हातानं आटे बसले, मग पाना लावून ओढू लागलो. ओढलं की वर काहीतरी कुरकुरायचं. मला वाटलं, नवं काम आहे, कुरकुरणारच.

हरिबा ओढ्यावरून मागच्या दारानं घरात आला होता. मी खाली आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. आई सांगायची ते असं, की तो ओल्या केसांनी पाटापुढं आला, डोळे मिटून हात जोडले, डोळे उघडले, आणि तसाच उभा राहिला. मग बाहेरून हसण्याचा आवाज आला आणि तो धावला. पाटावरच्या पाचरी त्यानं का उचलल्या नाहीत? आई म्हणायची, सणाच्या हत्याराला हात कसा लावणार. मला ते पटत नाही. त्याला तेवढा वेळ आहे असं वाटलं नसावं.

मला त्याचा आवाज आला तो मोटारीच्या मागच्या बाजूनं. अगदी गोड आवाज. तो असा कधी बोलायचा नाही.

"सकाराम, बाहेर ये."

"का?"

"ये म्हणतो तर ये."

"बूच बसतंय. दोन आटे राह्यलेत."

"राहू दे आटे."

"का राहू दे? तुझं काम म्या केलं म्हणून पोटात दुखतंय व्हय?"

"व्हय, लई दुखतंय. पाना सोड. वढू नको. आदी पाय सरकव."

"न्हाई सोडत. आठ म्हैने तुझं ऐकतोय."

गेनबा आणि ते चौघं एकदम गप्प झाले होते, ते मला ऐकू आलं. गप्प झालेलंही ऐकू येतं. पण मी पान्याला पुन्हा हात घातला. तेव्हा हरिबा त्याच गोड आवाजात म्हणाला, "बरं, लाव. पण आक्का बोलावत्यात तुला. भोपळ्याच्या घाऱ्या तळल्यात, गरम हायेत. म्या दोन खाल्ल्या."

आणि मी सरकलो. नैवेद्य दाखवायच्या आधी यानं घाऱ्या खाल्ल्या कशा, हे विचारायला मी बाहेर आलो. जीव वाचवायला आलो नाही. डोकं बाहेर काढून गुडघ्यावर बसतोय तोवर चाकं खोलग्यातून सुटली. मोटार चढणीवरून धाडदिशी खाली आली, आणि मी जिथं पडलो होतो तिथलं घमेलं चेपून भाकरीसारखं झालं.

हरिबा मोटारीच्या पाठीला पाठ लावून होता. इतका वेळ तो तिला तसाच धरून होता, टाचा खळ्यात रुतवून, आणि तसाच माझ्याशी घाऱ्यांचं बोलत होता. सुटल्यावर तिनं त्याला पुढं ढकललं, तो तोंडावर पडला आणि डावं चाक त्याच्या नडगीवरून गेलं. मोटार बांधाच्या दगडाला लागून थांबली. मागचा दिवा फुटला, बाकी काही नाही.

तो ओरडला नाही. मला म्हणाला, "सगळा बाहेर आलास का? हात बघ. दोन्ही?"

दुपारी हाडवैद्यानं कामट्या बांधल्या. दिवस कलायच्या आत शेट पौडाहून आला, टांग्यातून. मोटार बघितली, हरिबाचा पाय बघितला आणि ओट्यावर टेकला. माणूस वाईट नव्हता. पण मोटार हा त्याचा जीव की प्राण, आणि नशेत किंवा निष्काळजीपणे चालवणाऱ्याला तो एका दिवसात काढायचा, हे सगळ्या पौडाला माहीत.

"हरिबा, झालं कसं?"

"पाचरी मारायच्या राह्यल्या," हरिबा म्हणाला.

"तुझ्याकडून?"

"माझ्याकडनंच. सणाची घाई झाली."

मी दारात उभा होतो. आई माझ्याकडं बघत होती. गेनबा तिथंच होता, त्याला वाटत होतं की हरिबा खरंच विसरला. का गप्प बसलो? भ्यालो म्हणावं तर मी शेटला कधी भ्यालो नव्हतो. लाज म्हणावी तर मी काही वाईट हेतूनं केलं नव्हतं. मला एवढंच आठवतं, की मी मनात म्हणत होतो, आता हा खरं सांगेल. आता सांगेल. आणि तो सांगत नव्हता.

शेट ओट्यावरून उठला. मग म्हणाला, "ज्याला पाचरीची आठवण राहत नाही त्याच्या हातात माझी तेरा माणसं मी कशी देऊ? पाय बरा होईपर्यंत तुझं खाणंपिणं माझ्याकडं. पण पुन्हा मोटारीला हात लावायचा नाही." हरिबानं मान हलवली. पाचरी विसरणारा ड्रायव्हर अशी त्याची पौडापासून पुण्यापर्यंत ओळख होणार होती, आणि त्यानं मान हलवली. जाताना शेट आत आला. देवाधर्माचा माणूस. पगडी सावरून पाटावरच्या हत्यारांना त्यानं हात जोडले. मधोमध त्या पाचरी, कुंकू लावलेल्या. त्यानं त्यांनाही नमस्कार केला आणि टांग्यात बसला.

शेट गेल्यावर मी हरिबाला विचारलं, "खोटं का बोललास?"

"खोटं कुटं बोललो?"

"पाचरी म्या काढल्या."

"तू काढल्यास. पण मोटार माझी, गियर म्या काढला, आन् तिला सोडून आंघोळीला म्या गेलो. पाचर हाय का न्हाई ते माझं काम. मग ती काढली कुणी, ह्ये इचारायचं कशाला?"

"मग माझी चूक काय?"

"तू न बघता खाली गेलास. ती तुझी तुझ्याकडं ठिव. शेटला कशाला द्यायची?"

हे मी पन्नास वर्षं उलटंपालटं करून बघतोय. त्याच्या हिशेबानं दोन चुका होत्या आणि दोघांनी एकेक वाटून घेतली. मग मी पाचरी काढल्या त्याचं काय? ती चूक कुणाच्याच वाट्याला येत नाही. हा कुठला न्याय? का त्याला त्या बसऱ्याच्या माणसापुढं काही फेडायचं होतं? आणि असलंच, तर माझ्याकडून का?

पुढचं सांगतो. पाय जुळला, पण आखूड जुळला. त्यानं आणखी तीन वर्षं ती मोटार चालवली, लंगडत. तोवर त्याचं गाव पाण्याखाली गेलं होतं, मग तो कुणाबरोबर तरी कराचीकडं गेला. एक पत्र आलं, दुसऱ्या कुणाच्या अक्षरात: तब्येत ठीक, पाचरी माझ्याबरोबर आहेत. नंतर तिकडून आलेल्या एका खलाशानं सांगितलं की तो तापानं गेला. कधी, ते त्याला सांगता आलं नाही. मी त्याचं सुतक धरलं नाही, कारण मी त्याचा कोण लागत होतो हे मला ठरवता आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, शेटनं काढून टाकल्यावर त्यानं मोटार चालवली कशी. तर खंडेनवमीच्या त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, उजाडताच आंघोळ करून मी आईला न सांगता निघालो आणि पौडाला चालत गेलो. शेटच्या ओट्यावर पुण्याला जायला आलेली माणसं खोळंबून बसली होती, गावातले चार प्रतिष्ठित होते. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "शेट, पाचरी हरिबानं मारल्या होत्या. म्या काढून पुजंला लावल्या. काल तुमी त्यास्नीच हात जोडलेत."

कुणीतरी हसलं. शेटनं विचारलं, "मग तो खोटं का बोलला?"

"मला ठाव न्हाई," मी म्हटलं.

"आणि तू काल का बोलला नाहीस?"

"त्ये बी ठाव न्हाई. पण ड्रायव्हर तोच ऱ्हायला पायजे." एवढं बोलून मी चपला काढल्या आणि त्याच्या ओट्यावर मांडी घालून बसलो. शेट म्हणाला, सण आहे, घरी जा. मी म्हटलं, तुम्ही होय म्हणा, मग जातो. आणि तो होय म्हणेपर्यंत मी तिथून उठलो नाही.